बोलक्या पुस्तकांचे सामाईक भांडार

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड १९०६ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले असता तेथील सार्वजनिक ग्रंथालयांनी त्यांचे लक्ष वेधून घेतले. पुढे १९१० मध्ये त्यांनी विल्यम ॲलन्सन बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास पाचारण केले आणि संस्थानातील ग्रंथालय व्यवस्थेची घडी त्यांच्याकडून बसवून घेतली. या व्यवस्थेत शहरातील मध्यवर्ती ग्रंथालयाइतकेच महत्त्व फिरत्या ग्रंथपेट्यांना होते. लाकडी पेटीत निवडक पुस्तके भरून ती एखाद्या गावी पाठवावयाची आणि तेथील वाचकांची गरज भागली की तीच पुस्तके दुसऱ्या गावच्या वाट्यास यावयाची, असा तो परिपाठ होता. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ मध्ये सुरू केलेल्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमाने हीच पेटी आपल्या काळात पुन्हा लोकप्रिय केली.

पेटीच्या या व्यवहारात एक गोष्ट इतकी गृहीत होती, की तिचा उच्चार करण्याची गरज कोणास भासली नाही. ज्याने पुस्तक विकत घेतले तो ते दुसऱ्यास वाचावयास देऊ शकतो, ही ती गोष्ट. त्यासाठी लेखकाची वा प्रकाशकाची नव्याने परवानगी लागत नाही. जगातील सर्व सार्वजनिक ग्रंथालयांचा देवघेव विभाग या एका गृहीतावर उभा आहे.

श्राव्य पुस्तक, म्हणजेच ऑडिओ बुक, इंटरनेटवरून उतरवून घेता येऊ लागले, तेव्हा पेटीची कल्पना आता पूर्णत्वास जाणार असे अनेकांना वाटले. संगणकावरील फायलीस वजन नाही, टपालखर्च नाही, तिची पाने फाटत नाहीत. एका ग्रंथालयाने पुस्तक घ्यावे आणि शंभर गावांतील वाचकांनी ते ऐकावे, यात अडचण ती कोणती? अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालये गेली दोन दशके या वाटेने चालत आहेत. त्यांचा अनुभव असा, की फाईल पाठविणे जितके सोपे झाले, तितका ती उसनी देण्याचा अधिकार डळमळीत झाला. महाराष्ट्रात सुमारे ११ हजार शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालये आहेत. त्यांच्या दृष्टीने या अनुभवाचा अभ्यास उपयुक्त आहे, कारण या बाबतीत भारतीय कायद्याने त्यांच्या हाती असे काही दिले आहे, ज्याची जाणीव अद्याप फारशी झालेली दिसत नाही.

तबकडीपासून फायलीपर्यंत

बोलक्या पुस्तकाचा जन्म दृष्टिहीनांच्या गरजेतून झाला. फोनोग्राफचा जनक थॉमस एडिसन याने १८७८ मध्ये आपल्या यंत्राचे जे संभाव्य उपयोग सांगितले, त्यांत अंधांशी बोलणारी पुस्तके हा एक होता. ते प्रत्यक्षात येण्यास अर्धशतक लागले. अमेरिकन काँग्रेसने १९३१ मध्ये कायदा करून प्रौढ अंधांना पुस्तके पुरविण्याचे काम लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे सोपविले आणि १९३४ पासून ध्वनिमुद्रित तबकड्या वाचकांकडे जाऊ लागल्या. मिनिटाला सव्वातेहतीसच्या आसपास फेरे घेणारी दीर्घ वादनाची तबकडी संगीताच्या बाजारात रुळली ती १९४८ नंतर. अंध वाचकांच्या घरी ती चौदा वर्षे आधी पोहोचली होती. ब्रिटनमध्ये १९३५ साली अशीच सेवा सुरू झाली, तिच्यामागे पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांची निकड होती. तेथील पहिल्या काही पुस्तकांत अगाथा ख्रिस्ती यांची एक रहस्यकथा होती. अंध वाचकासही मनोरंजन हवे असते, हे त्या निवडकर्त्यांनी ओळखले होते, असे म्हणावयास हरकत नाही.

डोळस वाचक या पुस्तकांकडे वळला तो पुढे कॅसेटच्या काळात, मोटारीने कामावर जाता-येता. सार्वजनिक ग्रंथालयांनी कॅसेट आणि नंतर सीडी विकत घेतल्या व पुस्तकांप्रमाणेच त्यांची देवघेव केली. येथवर जुने गृहीत अबाधित होते. कॅसेट ही वस्तू होती, तिच्यावर ग्रंथालयाचा शिक्का मारता येत होता आणि दाखल नोंदवहीत तिला क्रमांक मिळत होता.

क्लीव्हलंडची सुरुवात

ओहायो राज्यातील क्लीव्हलंड येथील सार्वजनिक ग्रंथालयाने २००३ मध्ये ओव्हरड्राइव्ह या त्याच शहरातील कंपनीच्या साहाय्याने डिजिटल पुस्तके घरबसल्या उसनी देण्यास प्रारंभ केला. एक-दोन वर्षांतच श्राव्य पुस्तकेही याच मार्गाने मिळू लागली. हे ग्रंथालय एकटे काम करणारे नव्हते. १९८२ पासून शेजारच्या ग्रंथालयांशी संगणकीय तालिका सामाईक करून त्याने ‘क्लेव्हनेट’ हा समूह उभारला होता. त्यामुळे नव्या सेवेचा लाभ केवळ एका शहरापुरता न राहता सदस्य ग्रंथालयांच्या वाचकांपर्यंत जाऊ शकला.

पुढे अशा समूहांचे जाळे अनेक राज्यांत पसरले. विस्कॉन्सिनमध्ये राज्यभरातील सार्वजनिक ग्रंथालय यंत्रणांनी मिळून एकच डिजिटल संग्रह ठेवला. अलास्कामध्ये, जेथे कित्येक वस्त्यांना रस्ताच पोहोचत नाही व ये-जा विमानाने किंवा बोटीने करावी लागते, तेथील ग्रंथालयांच्या सामाईक सेवेचे नाव आरंभी ‘लिसन अलास्का’, म्हणजे ‘अलास्का, ऐक’ असेच होते. सीडीचा खोका अशा वस्तीत पोहोचविण्याचा खर्च आणि विलंब ध्यानी घेतला, म्हणजे डाऊनलोडचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

या संग्रहाचे कामकाज कसे चालते, हे पाहणे उद्बोधक ठरेल. समूह एखाद्या श्राव्य पुस्तकाच्या दोन ‘प्रती’ घेतो. वस्तुतः फाईल एकच असते, परंतु करारानुसार एका वेळी दोनच वाचकांना ती मिळते. तिसऱ्याने रांगेत नाव नोंदवावयाचे. मुदत साधारणतः एक ते तीन आठवड्यांची. मुदत संपली की फाईल आपोआप निरुपयोगी होते आणि पुढच्या वाचकास ती मिळते. उशिराचा दंड आणि हरवलेले पुस्तक या ग्रंथपालाच्या दोन जुन्या डोकेदुख्या अशा रीतीने नाहीशा झाल्या. उलट, ज्या माध्यमात प्रतींची टंचाई असण्याचे काही कारणच नाही, त्यात ती मुद्दाम निर्माण करावी लागली.

तांत्रिक अडचणीही कमी नव्हत्या. सेकंदाला ६४ किलोबिट या दर्जाने मुद्रित केलेल्या एका तासाच्या वाचनास सुमारे २९ मेगाबाइट जागा लागते. दहा तासांचे पुस्तक म्हणजे जवळजवळ २९० मेगाबाइट. टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट वापरणाऱ्या खेडेगावातील कुटुंबास एवढी फाईल उतरविणे कठीण जाई, म्हणून पुस्तकाचे भाग पाडून एकेक भाग घेण्याची सोय ठेवावी लागली. त्याहून मोठा विरस निराळाच होता. मुदतीनंतर बंद पडणाऱ्या त्या फायली मायक्रोसॉफ्टच्या विशिष्ट पद्धतीने कुलूपबंद केलेल्या असत आणि त्या ॲपलच्या आयपॉडवर चालत नसत. त्या काळी सर्वाधिक खपणारे वादनयंत्र तेच होते. ग्रंथालयाने पैसे मोजून संग्रह उभारावा आणि वाचकाच्या खिशातील यंत्राने तो नाकारावा, ही स्थिती २००८ मध्ये काही प्रकाशकांनी कुलूप नसलेल्या एमपी३ फायली देऊ करीपर्यंत कायम होती.

सामाईक खरेदीचा हिशेब

एकत्र येण्याचे मूळ कारण आर्थिक होते. अशी सेवा पुरविणारी कंपनी पुस्तकांच्या किमतीखेरीज वार्षिक शुल्क आकारते आणि दोन-तीन हजार लोकवस्तीच्या गावातील ग्रंथालयास ते परवडणारे नसते. समूहात ते लोकसंख्येच्या किंवा वापराच्या प्रमाणात वाटून घेता येते. पुस्तके निवडण्यासाठी सदस्य ग्रंथालयांतील ग्रंथपालांची समिती असते. एकट्यादुकट्या ग्रंथालयास जेथे पन्नास पुस्तके घेता आली नसती, तेथे त्याच्या वाचकास हजारो पुस्तकांची यादी उघडी होते.

तथापि सहकारात जे प्रश्न हमखास उद्भवतात, ते येथेही उद्भवले. महाराष्ट्रातील वाचकास ते समजावून सांगण्याचे कारण नाही. दूध संघात ज्याचे जितके दूध, तितका त्याचा मोबदला, असा हिशेब मांडता येतो. पुस्तकांच्या संग्रहात शहरातील वाचक संख्येने अधिक असतात, नव्या कादंबरीच्या रांगेत तेच पुढे असतात आणि गावातील वाचकाचा क्रमांक लागेपर्यंत महिने लोटतात. उलट, शहराचे ग्रंथालय म्हणते की निधीतील मोठा वाटा आमचा. यावर काढलेला एक तोडगा असा, की सदस्य ग्रंथालयाने सामाईक संग्रहाखेरीज स्वतःच्या पैशाने जादा प्रती घ्याव्यात आणि त्या प्रथम त्याच्याच वाचकांना मिळाव्यात. यामुळे रांगा आखूड झाल्या, हे खरे. पण ज्यांना जादा प्रती घेणे शक्य त्यांचाच प्रश्न सुटला, हेही खरे.

मालकी गेली, मुदत आली

येथवरच्या अडचणी व्यवस्थेच्या होत्या आणि व्यवस्थेने त्या बऱ्याच अंशी सोडविल्या. खरी अडचण मालकीची होती.

अमेरिकेत विकत घेतलेली प्रत पुढे देण्याचा खरेदीदाराचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने १९०८ मध्ये मान्य केला व पुढील वर्षी तो कायद्यात आला. हा हक्क प्रतीशी जोडलेला आहे. फाईल पाठविताना मात्र मूळ प्रत हातची जात नाही, नवी प्रत तयार होते. नवी प्रत तयार करण्याचा हक्क प्रताधिकारधारकाचा. वापरलेल्या संगीत फायलींच्या फेरविक्रीसंबंधी एका खटल्यात अमेरिकन न्यायालयांनी २०१३ मध्ये आणि अपिलात २०१८ मध्ये हाच निर्वाळा दिला. इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेने छापील पुस्तकांच्या प्रतिमा तयार करून एका छापील प्रतीमागे एक डिजिटल प्रत उसनी देण्याची पद्धत ठेवली होती. तीही २०२३ मध्ये व अपिलात २०२४ मध्ये बेकायदा ठरली.

याचा अर्थ असा, की ग्रंथालय डिजिटल श्राव्य पुस्तक विकत घेत नाही. ते उसने देण्याचा परवाना घेते आणि परवान्याच्या अटी देणारा ठरवितो. २०११ मध्ये हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने ई-पुस्तक २६ वेळा उसने दिल्यावर परवाना संपेल, अशी अट घातली, तेव्हा मोठी खळबळ उडाली. पुढे अशा अटी नित्याच्या झाल्या. १ जुलै २०१९ पासून हॅशेट या प्रकाशनसंस्थेने ई-पुस्तके व श्राव्य पुस्तके कायमस्वरूपी देण्याऐवजी दोन वर्षांच्या मुदतीने देण्यास सुरुवात केली. त्याच दिवसापासून श्राव्य पुस्तकांच्या क्षेत्रातील ब्लॅकस्टोन या कंपनीने आपली काही नवी पुस्तके पहिले ९० दिवस ग्रंथालयांना न देण्याचे धोरण अंमलात आणले. पुस्तकाची चर्चा जेव्हा सर्वाधिक असते, नेमक्या त्याच काळात ग्रंथालयाच्या वाचकाने थांबावे किंवा खासगी सेवेची वर्गणी भरावी, असा त्याचा परिणाम होता.

या वेळी समूहाचे बळ दिसून आले. वॉशिंग्टन राज्यातील छोट्यामोठ्या ग्रंथालयांच्या डिजिटल समूहाने १ ऑगस्टपासून सहा महिने ब्लॅकस्टोनची डिजिटल श्राव्य पुस्तके खरेदी न करण्याचा निर्णय जाहीर केला. एखाद्या खेड्यातील ग्रंथालयाने असा बहिष्कार टाकला असता, तर त्याची दखल कोणी घेतली नसती. मेरीलँड राज्याने तर कायदाच केला. सर्वसामान्यांना जी डिजिटल पुस्तके विकली जातात, ती ग्रंथालयांनाही वाजवी अटींवर देऊ करावीत, असे २०२१ च्या या कायद्यात म्हटले होते. राज्याच्या विधिमंडळाने तो एकमताने संमत केला होता. परंतु प्रताधिकार हा केंद्राच्या अखत्यारीतील विषय असल्याने राज्याचा कायदा टिकू शकत नाही, असे संघीय न्यायालयाने २०२२ मध्ये ठरविले आणि तो निष्प्रभ झाला.

अमेरिकेतील सामाईक श्राव्य संग्रह आजही चालू आहेत आणि लाखो वाचक त्यांचा लाभ घेतात. त्यांच्या उपयुक्ततेविषयी दुमत नाही. परंतु वर्षानुवर्षे पैसे ओतूनही त्या संग्रहाचा मोठा भाग कोणाही ग्रंथालयाच्या मालकीचा नाही. करार संपला की फडताळ रिकामे.

कायद्याने दिलेला अधिकार

त्याच देशात दुसरा एक संग्रह मात्र या अनिश्चिततेपासून मुक्त आहे. तो म्हणजे दृष्टिहीन व छापील मजकूर वाचू न शकणाऱ्या व्यक्तींचा. १९९६ च्या एका दुरुस्तीने अशा व्यक्तींसाठी सुलभ स्वरूपातील प्रत तयार करण्यास प्रताधिकारधारकाची परवानगी अनावश्यक ठरविली. म्हणून लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या राष्ट्रीय सेवेने २००९ पासून आपली बोलकी पुस्तके डाऊनलोडसाठी खुली केली, तेव्हा तिला २६ वेळांची वा दोन वर्षांची अट कोणी घालू शकले नाही. एका संग्रहाचा आधार करार, दुसऱ्याचा आधार कायदा, हा तो फरक.

भारताने या बाबतीत फार पुढचे पाऊल टाकले आहे. प्रताधिकार अधिनियम, १९५७ मध्ये २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये नवे उपखंड समाविष्ट झाले. त्यानुसार कोणत्याही साहित्यकृतीची दिव्यांग व्यक्तींना वापरता येईल अशी प्रत, मग ती ब्रेल असो, मोठ्या अक्षरांची असो वा श्राव्य असो, परवानगीवाचून तयार करता येते व अशा व्यक्तींना देता येते. अटी तीन. ती नफ्यासाठी नसावी, घेतलाच तर केवळ निर्मितीखर्च घ्यावा. तिचा वापर दिव्यांग व्यक्तींपुरताच राहावा. आणि ती सर्वसाधारण व्यापारात शिरू नये म्हणून वाजवी खबरदारी घ्यावी.

पुढे २७ जून २०१३ रोजी मोरोक्कोतील मराकेश शहरी याच विषयावर आंतरराष्ट्रीय करार संमत झाला. जून २०१४ मध्ये त्यास अनुसमर्थन देणारा भारत हा जगातील पहिला देश ठरला. करार ३० सप्टेंबर २०१६ पासून अंमलात आला. सुलभ प्रती एका देशातून दुसऱ्या देशात नेण्याची मुभा हे त्याचे वैशिष्ट्य. अमेरिकेनेही २०१९ मध्ये त्यास अनुसमर्थन दिले असल्याने, मुंबईत ध्वनिमुद्रित झालेले मराठी पुस्तक न्यू जर्सीतील दृष्टिहीन मराठी वाचकास अधिकृत संस्थांमार्फत मिळण्यास कायद्याची आडकाठी उरलेली नाही.

या पायावर २४ ऑगस्ट २०१६ रोजी ‘सुगम्य पुस्तकालय’ ही ऑनलाइन सेवा सुरू झाली. केंद्र शासनाचा दिव्यांगजन सक्षमीकरण विभाग, डेहराडूनची राष्ट्रीय दृष्टिबाधितार्थ संस्था, ‘डेझी फोरम ऑफ इंडिया’ हा सेवाभावी संस्थांचा समूह आणि तांत्रिक बाजू सांभाळणारी टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस यांनी ती उभी केली. देशातील निरनिराळ्या संस्थांनी आपापल्या कुवतीनुसार तयार केलेली पुस्तके येथे एका यादीत आली. त्यापूर्वी एकच पाठ्यपुस्तक दोन शहरांत दोन स्वयंसेवक स्वतंत्रपणे वाचून मुद्रित करीत आणि एकाचे श्रम दुसऱ्यास ठाऊक नसत. सामाईक यादीने वाचविले ते मुख्यतः हे श्रम. दहा तासांचे पुस्तक वाचून, तपासून, दुरुस्त करून तयार करण्यास लागणारा वेळ दहा तासांच्या कितीतरी पट असतो.

‘डेझी’ या नावाचा येथे खुलासा केला पाहिजे. स्वीडनमधील बोलक्या पुस्तकांच्या राष्ट्रीय ग्रंथालयात या पद्धतीचे मूळ आहे. १९९६ मध्ये काही देशांच्या संस्थांनी मिळून तिच्यासाठी आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन केली. कॅसेटवरील पुस्तकात सातवे प्रकरण शोधावयाचे तर फीत पुढे-मागे फिरवीत बसावे लागे. डेझी पुस्तकात ध्वनीबरोबर प्रकरणे, उपप्रकरणे व पृष्ठक्रमांक यांची जोडणी असते. त्यामुळे ऐकणारा थेट १४२ व्या पृष्ठावर जाऊ शकतो, खूण ठेवू शकतो. कादंबरी ऐकणाऱ्यास याची तितकी निकड नसेल, परंतु स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यास हेच सर्वस्व आहे.

‘शासनमान्य’ या शब्दाचे वजन

आता महाराष्ट्राकडे वळू. २०१२ च्या दुरुस्तीत, परवानगीवाचून अशी प्रत तयार करू शकणाऱ्या संस्थांचे स्पष्टीकरण दिले आहे. त्यात दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या नोंदणीकृत संस्था आहेत, तसेच शासनाने मान्यता दिलेल्या शैक्षणिक संस्था, ग्रंथालये व अभिलेखागारे यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ अन्वये मान्यता मिळालेल्या आपल्या ग्रंथालयांच्या पाट्यांवर ‘शासनमान्य’ हा शब्द ठळकपणे रंगविलेला असतो. वर्ग अ असो वा ड, तो शब्द सर्वत्र सारखाच. अनुदानाच्या संदर्भात त्याचे महत्त्व सर्वांस ठाऊक आहे. प्रताधिकाराच्या कायद्यातही त्यास अर्थ आहे, हे मात्र क्वचितच कोणी लक्षात घेतले असेल. शहरातील एखाद्या मोठ्या संस्थेकडेच पाहत बसण्याचे कारण नाही. तालुक्याच्या वाचनालयास, अटी पाळून, आपल्या गावातील दृष्टिहीन विद्यार्थ्यासाठी आजचे नवे मराठी पुस्तक ध्वनिमुद्रित करण्याची मुभा कायद्याने दिली आहे.

२०११ च्या जनगणनेत देशात दृष्टिदोष असलेल्या ५० लाखांहून अधिक व्यक्तींची नोंद झाली. यांतील ज्यांना ब्रेल येते त्यांचे प्रमाण अल्प. त्यांच्या हाती आज मोबाइल फोन आहे आणि त्यात बोलणारी संगणक प्रणाली आहे. मग पुस्तकाची अडचण का यावी, असे कोणास वाटेल. तिचे एक कारण मराठी मुद्रणात दडलेले आहे. आपल्याकडील असंख्य पुस्तके युनिकोड नसलेल्या, श्रीलिपीसारख्या अक्षरसंचांत जुळविली गेली. पडद्यावर व कागदावर ती देवनागरीच दिसतात, परंतु बोलणाऱ्या प्रणालीस ती रोमन अक्षरांची निरर्थक रांग वाटते. प्रकाशकाने मोठ्या मनाने संगणकीय फाईल दिली, तरी ती परिवर्तित केल्याविना उपयोगी पडत नाही. शिवाय यांत्रिक आवाज माहितीपर गद्यास चालून जातो. कवितेस व ललित लेखनास तो न्याय देत नाही. तेथे माणसाचाच आवाज हवा.

असा आवाज गावोगावी आहे. निवृत्त शिक्षक, आकाशवाणीच्या स्पर्धा गाजविलेल्या गृहिणी, नाट्यवाचन करणारी तरुण मंडळी यांची वाचनालयात ऊठबस असते. वाण आहे ती नियोजनाची. जिल्हा ग्रंथालय संघांनी या कामी पुढाकार घेतल्यास, कोणते पुस्तक कोणी वाचावे याची वाटणी जिल्ह्याच्या पातळीवर होऊ शकेल. ध्वनिमुद्रणास बंद खोली, बरा मायक्रोफोन व साधा संगणक पुरतो. अमेरिकेतील समूहांना निवड समितीवरून व रांगेवरून जे वाद झेलावे लागले, ते येथे उद्भवण्याचे कारण नाही, कारण या संग्रहात प्रतींची संख्या मर्यादित ठेवण्याची सक्ती कोणाची नाही.

डोळस वाचकाचे काय, हा प्रश्न राहतो. एस.टी.ने रोज दोन तास प्रवास करणाऱ्या कर्मचाऱ्यासही पुस्तक ऐकावेसे वाटते. २०१७ च्या अखेरीस स्टोरीटेल या स्वीडिश कंपनीने मराठीत श्राव्य पुस्तकांची सेवा सुरू केल्यापासून अशा श्रोत्यांचा वर्ग वाढला, परंतु ती वर्गणीदाराची वैयक्तिक सेवा होय. दिव्यांगांसाठी तयार झालेली प्रत डोळस वाचकास देणे कायद्याचा भंग ठरेल व मूळ सवलतच धोक्यात आणील. हे दोन संग्रह कटाक्षाने वेगळे ठेवले पाहिजेत.

मात्र सर्वांसाठी खुला असा मार्गही आहेच. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे प्रताधिकार राहतो. हरिभाऊ आपटे, राम गणेश गडकरी, लक्ष्मीबाई टिळक यांचे साहित्य केव्हाच मुक्त झाले आहे. साने गुरुजींचे निधन १९५० मध्ये झाले, त्यामुळे त्यांची पुस्तके २०११ पासून कोणासही प्रसिद्ध करता येतात. याउलट वि. स. खांडेकर १९७६ मध्ये निवर्तले, तेव्हा ‘ययाति’साठी २०३७ सालच्या प्रारंभापर्यंत थांबणे भाग आहे. मुक्त झालेल्या पुस्तकांचे वाचन कोणत्याही ग्रंथालयाने ध्वनिमुद्रित करावे, सर्व ग्रंथालयांत वाटावे आणि वाचकांनी ते कायमचे उतरवून घ्यावे, यास परवाना नको, शुल्क नको, रांग नको. एक दक्षता घ्यावयाची. मूळ पुस्तक मुक्त असले, तरी नव्या ध्वनिमुद्रणावर स्वतंत्र हक्क निर्माण होतो. म्हणून ते सर्वांस विनामूल्य खुले राहील अशी लेखी संमती वाचकाकडून आधीच घेऊन ठेवावी. तसेच संपादित आवृत्तीतील नवी प्रस्तावना व टीपा यांवर संपादकाचा हक्क असू शकतो. तो भाग वाचनातून वगळावा.

‘सुगम्य पुस्तकालया’चे सदस्यत्व छापील मजकूर वाचू न शकणाऱ्या व्यक्तींसाठी आहे व त्यासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आवश्यक असते. ज्यांना संगणकाचा सराव नाही, त्यांची नोंदणी करून देणे, पुस्तके उतरवून मेमरी कार्डावर भरून देणे आणि जे पुस्तक यादीत नाही त्याची मागणी नोंदविणे, ही कामे गावच्या वाचनालयास आजच करता येण्याजोगी आहेत. नवे पुस्तक मुद्रणास घेण्यापूर्वी ती यादी पाहून घ्यावी, म्हणजे एकच पुस्तक दुसऱ्यांदा वाचले जाणार नाही.